गिरणगावातील स्थलांतरितांचे गाणे : विरहाचे एक रूपांतर

मुंबईच्या कामगार-साहित्याचा विचार करताना मराठी समीक्षेने छापील कविता, कथा आणि कादंबरी यांना अग्रस्थान दिले. गायिल्या गेलेल्या रचनांची बोळवण मात्र बहुधा ‘प्रचारगीते’ या एका शब्दात झाली. त्यामुळे या रचनांनी घडविलेले एक वाङ्मयीन परिवर्तन दुर्लक्षित राहिले. गाव सोडून आलेल्या माणसाच्या विरहाला गिरणगावात कोणते नवे रूप लाभले, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

लालबाग, परळ, शिवडी, वरळी या परिसरात वसलेले गिरणगाव एकजिनसी नव्हते. रत्नागिरीकडील कोकणी कुणबी, सातारा-कोल्हापूरकडील देशावरचा शेतकरी, तेलुगूभाषक पद्मशाली विणकर यांची वस्ती तेथे होती. जवळच्या मदनपुऱ्यात उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर राहत. बहुतेक पुरुष एकटे येत, दाटीवाटीच्या खोलीत पथारी टाकीत आणि खानावळीत जेवत. त्यांनी आपापले गाणेही सोबत आणले. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा रंगे. परळच्या दामोदर नाट्यगृहात कोकणी मंडळांचे शक्ती-तुऱ्याचे सामने होत. चाळीचाळीतून भजनी मंडळे उभी राहिली. हे गाणे करमणुकीचे होतेच, पण त्याहून अधिक ते गावकीचा धागा तुटू न देणारे साधन होते.

या गायनपरंपरांना समान श्रोतृवर्ग मिळवून देण्याचे कार्य शाहिरांनी केले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक स्थापन केले. वाटेगावच्या मातंग कुटुंबातील अण्णा भाऊ आणि बार्शीच्या मुस्लिम कुटुंबातील अमर शेख हे दोघेही पोटासाठी मुंबईस आलेले होते. पठ्ठे बापूरावांनी मुंबईचे वैभव लावणीत वर्णिले होते. अण्णा भाऊंनी ‘मुंबईची लावणी’ रचताना तोच विषय घेतला. परंतु मलबार हिलचे ऐश्वर्य आणि कष्टकऱ्यांची वस्ती समोरासमोर ठेवली. पाहुण्याच्या नजरेची जागा रहिवाशाच्या नजरेने घेतली.

‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत हे रूपांतर अधिक सखोल आहे. विरहाच्या पारंपरिक लावणीत सामान्यतः मुलुखगिरीवर गेलेल्या पतीची वाट पाहणारी स्त्री बोलते. येथे गेलेला पुरुषच बोलतो आणि नगरातील वणवणीचे वर्णन करतो. पुढे मैना केवळ पत्नी राहत नाही; बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हे दुरावलेले प्रदेश तिच्या रूपात सामावतात. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला हे रूपक चपखल बसले, याचे कारण श्रोत्यांच्या अनुभवात आहे. ज्याची बायको खरोखरच गावी राहिली होती, त्याला तुटलेल्या मुलखाचे दुःख निराळे समजावून सांगावे लागले नाही.

तथापि या रूपकाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. त्यातील स्त्री गावीच राहते. प्रत्यक्षात गिरणीच्या वाइंडिंग, रीळिंग खात्यांत राबणाऱ्या आणि खानावळी चालविणाऱ्या स्त्रिया गिरणगावातच होत्या; त्यांचे स्थलांतर या गीतात उच्चारले जात नाही. त्याचप्रमाणे भाषिक ऐक्याच्या या स्वरात शेजारच्या तेलुगू किंवा उर्दू बोलणाऱ्या कामगाराला स्थान उरत नाही. एकाच रचनेने श्रोत्यांना जोडले आणि त्यांच्या भोवती एक सीमाही आखली.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव विस्कटले, आणि या गाण्याचा मूळ श्रोताही पांगला. आता हाती उरते ती प्रामुख्याने छापील संहिता. तीत डफ-तुणतुण्याचा ठेका नाही, झीलकऱ्यांनी उचललेले ध्रुवपद नाही. केवळ संहितेवरून मूल्यमापन केले, तर पुनरुक्ती हा दोष ठरतो. सादरीकरण ध्यानी घेतले, तर तीच पुनरुक्ती शाहिराचा शब्द समूहाच्या मुखी देणारी युक्ती ठरते. म्हणूनच या रचनांचा अभ्यास करताना कवी आणि संहिता यांच्याबरोबर श्रोता हाही तिसरा घटक मानणे अगत्याचे आहे.