शुक्रावरचा उन्हाळा

सूर्यास्तानंतर पश्चिमेकडे कधी कधी एक ठळक चांदणी दिसते. मराठीत तिला शुक्राची चांदणी म्हणतात. उर्दूत आपण तिला जोहरा म्हणतो. खरे तर ती चांदणी नसून ग्रह आहे. या ग्रहाच्या हवामानाचे कोडे उलगडणाऱ्या शास्त्रज्ञाची ही ओळख.

कार्ल सेगन यांचा जन्म १९३४ साली अमेरिकेत न्यू यॉर्क येथे झाला. लहानपणी त्यांनी वाचनालयात ताऱ्यांचे पुस्तक मागितले. ग्रंथपालबाईंनी सिनेतारकांचे पुस्तक दिले! कार्लनी ते परत केले आणि आकाशातील ताऱ्यांचे पुस्तक मागून घेतले.

शुक्र सदैव ढगांनी झाकलेला असतो. त्यामुळे तेथे समुद्र किंवा दाट जंगले असतील, असे अनेकांना वाटे. १९५६ साली शुक्राकडून येणाऱ्या रेडिओलहरी मोजल्या गेल्या. त्यांवरून तो ग्रह फार तप्त असावा, असे दिसले. सर्वांनाच ते पटले नाही.

१९६० साली शिकागो विद्यापीठाच्या प्रबंधात सेगन यांनी कारण मांडले. सूर्यप्रकाशाने जमीन तापते. पण कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ ती उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाहीत. याला हरितगृह परिणाम म्हणतात.

१९७० साली सोव्हिएत संघाचे 'व्हेनेरा ७' यान शुक्रावर उतरले. तेथील तापमान सुमारे ४७५ अंश सेल्सिअस निघाले. एवढ्या उष्णतेत शिसेही वितळते! तेथील हवेत सुमारे ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. पाण्याची वाफ मात्र अगदी थोडी आढळली. म्हणून हिशेब नव्याने मांडावे लागले. त्यात सेगन यांचे विद्यार्थी जेम्स पोलॅक यांचा मोठा वाटा होता. मूळ विचार मात्र टिकला.

१९८५ साली सेगन यांनी अमेरिकेच्या संसद-सदस्यांपुढे इशारा दिला. कोळसा व तेल जाळल्याने हाच वायू पृथ्वीवरही वाढत आहे, असे त्यांनी सांगितले. १९९६ साली त्यांचे निधन झाले. पृथ्वी म्हणजे शुक्र नव्हे. पण उष्णता कोंडण्याचा नियम दोन्हीकडे एकच आहे. दूरच्या ग्रहाचा अभ्यास असा आपल्या घराच्या कामी येतो.

शब्दार्थ : तप्त – फार गरम; प्रबंध – संशोधनावरील मोठा लेख; इशारा – धोक्याची सूचना.

स्वाध्याय
१. शुक्रावर जंगले असतील, असे लोकांना का वाटे?
२. हरितगृह परिणाम म्हणजे काय?
३. हिशेब नव्याने का मांडावे लागले?