आनंदाचं सोंग आणू नकोस

पोरी, जावईबापू दवाखान्यात, आणि भेटायला येणारा जो तो तुला आनंदी राहायला सांगतो. त्यांच्यावर रागावू नकोस, पण त्यांच्यासाठी तोंड हसरंही ठेवू नकोस. फिलिप्पैकरांस पत्र काढ. पौलानं ते कैदेतून लिहिलं, तरी त्यात आनंद पानोपानी आहे. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीताचं दुखणं वाच. तो मरता मरता वाचला. गेला असता तर आपल्या दुःखात आणखी भर पडली असती, असं पौल सरळ लिहितो. आनंद करा म्हणणाऱ्यालाही काळजी होती. तुलाही असू दे.

प्रार्थना सुचत नाही म्हणालीस. मग शब्द शोधत बसू नकोस, स्तोत्रसंहिता उघड. १३ वं स्तोत्र इवलंसं आहे. सुरुवातीला देवाकडे तक्रार, शेवटी गाणं. ८८ वं मात्र अंधारातच संपतं. ज्या रात्री गाणं निघत नाही, त्या रात्री ते वाच. तेही पवित्र शास्त्रातच आहे, कुणी गाळलेलं नाही. मनातल्या मनात नको, ओठ हलू देत. वॉर्डात संकोच वाटला तर जिन्यात जा. आणि औषधांच्या रांगेत उभं राहायचंच आहे, तर ती वेळ प्रार्थनेला दे. निरंतर प्रार्थना तुझ्यासारखीला अशीच जमायची.

उपकारस्तुतीचं सांगते. या दुखण्याबद्दल देवाचे आभार मान, असं मी तुला कधी म्हणणार नाही. कुणी म्हटलं तरी मानू नकोस. दुखण्यात कोण धावून आलं ते बघ. रोज रात्री वहीत नाव लिही आणि काय केलं तेही लिही. रात्रपाळीच्या सिस्टरनं चादर बदलली, शेजारच्या खाटेवाल्यांनी गरम पाणी दिलं, एवढंही पुरे. मग ते नाव घेऊन देवाचे आभार मान, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसालाही सांग. पौलही तसंच करतो. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली होती, तिची पोच तो चौथ्या अध्यायात मनापासून देतो.

मंडळीला नुसतं प्रार्थना करा म्हणू नकोस. पाळकीणबाईंना सांग, मंगळवारी डबा हवा, शनिवारी रात्री कुणीतरी थांबायला हवं. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या पोरींसाठी प्रार्थनाही केली आणि विहिरीही खोदवल्या. डॉक्टरांनी सांगितलेली एकही गोळी श्रद्धेच्या नावाखाली चुकू देऊ नकोस.

फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री गात होते, हे तू संडेस्कूलमध्ये शिकलीसच. दुसऱ्या दिवशी सकाळचं फारसं कुणी सांगत नाही. अधिकाऱ्यांनी सोडून द्या म्हणून निरोप धाडला, तर पौल हलेना. आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप घालवता काय? स्वतः या आणि बाहेर न्या, म्हणाला. ते आलेही. रात्री गाणारा माणूस सकाळी जाबही विचारतो. तेव्हा बिलात काही समजलं नाही तर काउंटरवर नीट विचार, ओळ न् ओळ समजावून घे. देवावर भरवसा आहे म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ बसले होते. त्यांचं बिघडलं ते बोलायला लागल्यावर. तुझ्याकडे कुणी उपदेश सुरू केला तर त्याला खाटेजवळ बसव आणि तू तासभर झोपून घे. गुरुवारी मी येते, रात्री मीच थांबेन.