नॅकची श्रेणी कोण ठरवतं?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात नॅकची समिती येऊन गेली. श्रेणी तीच देते का? नॅक हे सरकारी खातं आहे का?

उत्तर : खातं नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये स्थापन केलेली ही स्वायत्त संस्था असून मुख्यालय बंगळुरूला आहे. सूत्रं सर्वसाधारण परिषद आणि कार्यकारी समितीकडे. रोजचा कारभार संचालक पाहतात. तुमच्याकडे आलेली मंडळी इतर संस्थांमधले प्राध्यापक असतात. ग्रंथालय, प्रयोगशाळा पाहतात, विद्यार्थ्यांशी बोलतात आणि अहवाल देतात. श्रेणीवर शिक्कामोर्तब नॅकच करते. सर्वसाधारण परिषदेचे अध्यक्ष मात्र आयोगाचेच अध्यक्ष असतात. अनुदान देणारा आणि परीक्षक यांच्यात याहून जास्त अंतर हवं, असं माझं ठाम मत आहे.