अक्षरओळख : शाळेचे काम की घराचे?

मूल तिसरीत गेले तरी त्याला जोडाक्षरे वाचता येत नाहीत, हातच्याची बेरीज जमत नाही. शिक्षक म्हणतात, "घरी कोणी अभ्यास घेत नाही." पालक विचारतात, "मग शाळा कशासाठी?" या वादात नुकसान होते ते मुलाचेच.

कायद्याने ही जबाबदारी पुरेशी स्पष्ट केली आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे, निदान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. मुलाला शाळेत दाखल करणे, हे या कायद्याने पालकाचे कर्तव्य ठरविले आहे. प्रत्येक मुलाची कुवत पाहून गरजेप्रमाणे जादा शिकविणे व पालकांच्या नियमित सभा घेणे, हे शिक्षकाचे कर्तव्य होय.

यवतमाळ जिल्ह्यात या विभागणीला विशेष महत्त्व आहे. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांतील कोलाम पोडांवर कोलामी बोलली जाते. ती द्राविडी कुळातील भाषा आहे. पुसद, दिग्रस भागांतील तांड्यांवर गोरमाटी चालते. अशा घरातील मुलाला पहिलीत अक्षराबरोबरच मराठी शब्दही नव्याने शिकावा लागतो. ज्या आईवडिलांना स्वतःला शाळा लाभली नाही, त्यांनी बाराखडी शिकवावी, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. लेखन, वाचन व गणित शिकविण्याचे काम शाळेचेच आहे.

मग घराकडे काहीच उरत नाही काय? तसे नाही. मुलाशी भरपूर बोलणे, आपल्या बोलीत गोष्टी सांगणे, शाळेत काय शिकविले ते त्याच्याकडून ऐकणे, यांसाठी साक्षरता लागत नाही. वेचलेल्या कापसाचे वजन किती भरले आणि किलोच्या दराने मजुरी किती झाली, हा हिशेब मुलासमोर करणे हाही गणिताचा पाठच ठरतो. शिक्षकानेही मुलाच्या बोलीतील चार शब्द आत्मसात करावेत. घरची बोली ही अडचण नसून मराठीकडे नेणारी पायवाट आहे.

घराचे सर्वांत मोठे योगदान म्हणजे नियमित हजेरी. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळण्यासाठी घरी राहिली, तर शिकविलेले मागे पडते. येथे पंचायतीने पुढे आले पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. वेचणीला जोर येण्यापूर्वीच समितीने सभा घ्यावी, गैरहजर राहण्याचा संभव असलेल्या मुलांची यादी करावी आणि धाकट्या भावंडांना अंगणवाडीत पाठविण्याची व्यवस्था पाहावी.

पुसद तालुक्यातील गहुली तांड्यात १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक शिकून वकील झाले आणि १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. तांड्यावरून निघालेली शाळेची वाट किती दूर जाऊ शकते, याचे हे उदाहरण आहे. ती वाट मुलांसाठी वर्षभर खुली ठेवणे घराच्या व गावाच्या हाती आहे. त्या वाटेने आलेल्या प्रत्येक मुलाला वाचता आले पाहिजे, ही जबाबदारी शाळेची आहे.