फुलायच्या आत उपटा : गाजर गवत आता भात खाचरांच्या बांधावर

इंद्रायणीची लावणी उरकली आणि पाली, वेल्हे, भोर भागातून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला आहे : "साहेब, बांधावर गाजराच्या पाल्यासारखं हे काय उगवलंय?" करपा आणि खोडकिडीवर काय करायचे ते तुम्हाला पाठ आहे, त्यावर जागा घालवत नाही. आजचा धोका गाजर गवताचा आहे. रस्त्याच्या कडेचे हे तण आता बांधावर आले आहे आणि तिथून ते नाचणी-वरईच्या वरकस जमिनीत उतरायला वेळ लागत नाही.

हे गवत आपले नाही. मूळ अमेरिका खंडातले. पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर त्याची तुरळक झाडे १९५१ च्या सुमारास दिसली आणि १९५६ मध्ये पुण्यातूनच त्याची शास्त्रीय नोंद झाली. पुढे ते देशभर पसरले. १९७० च्या दशकात याच पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांना त्याच्या स्पर्शाने कातडी सोलवटलेले रुग्ण मोठ्या संख्येने तपासावे लागले. ज्या जिल्ह्याने एवढे सोसले, तिथल्या शेतकऱ्याने हे तण फुलावर येईपर्यंत ओळखू नये, याचे वाईट वाटते.

पांढरे फूल पाहून कोणीही ओळखतो, पण तोवर उशीर झालेला असतो. त्याआधी ओळखायला शिका. पावसाच्या पहिल्या सरींनंतर रोप जमिनीला चिकटून गोल पसरते. पाने फिकट हिरवी, बारीक कातरलेली, बोट फिरवले तर मऊ लव लागते. मग मधून सरळ दांडा निघतो. त्यावर उभ्या शिरा स्पष्ट दिसतात आणि वर तो फांद्या फोडतो. पाने दांड्यावर एकाआड एक असतात, ही खूण सोडू नका. झेंडूची पाने समोरासमोर येतात आणि चुरली की झेंडूचा वास येतो. ओसाडीची पानेही समोरासमोर असतात, पण ती अखंड असून फुलांचे झुपके जांभळट असतात. एकदांडीचे फूल लांब दांडीवर एकटेच येते आणि मधे पिवळे असते. गाजर गवताची फुले मात्र मोहरीएवढी, पांढरी, पाच कोनांची आणि झाडभर. प्रत्येक फुलात चार-पाच काळ्या बिया. एक जोमदार झाड १५ ते २५ हजार बिया टाकते आणि गाडले गेलेले बी काही वर्षे जिवंत राहते.

ते गावात येते तुमच्याच हातांनी. बाहेरून आणलेला मुरूम, विकतचे कच्चे शेणखत, परगावचा पेंढा, ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल, ही त्याची वाहने आहेत. विकतचे खत थेट खाचरात टाकू नका, आधी पूर्ण कुजवा. मुरूम पडला असेल तिथे महिनाभर नजर ठेवा.

आता उपायांविषयी. बांधावर मीठ शिंपडणाऱ्यांना मला स्पष्ट सांगायचे आहे : हे थांबवा. मिठाचे दाट द्रावण पाने जाळते हे खरे, पण पावसात ते खाचरातच उतरते. विळ्याने किंवा ग्रास कटरने वरून छाटणे हाही वेळेचा नास आहे. बुंध्यातून नवे फुटवे येतात आणि छाटलेले झाड खुजे राहून लवकर फुलते. दिवाळीनंतर वाळलेली झाडे पेटवून समाधान मानणारेही भेटतात. बी तोवर जमिनीत गेलेले असते.

तणनाशकाची घाई तर सर्वांत महागात पडते. नसरापूर भागातला एक शेतकरी आठवतो. त्याने वाऱ्याच्या दिवशी बांधावर टू-फोर-डी मारले. आठवड्यात शेजारच्या टोमॅटोची शेंड्याची पाने दोरीसारखी पिळवटली, तो प्लॉट पुन्हा उभा राहिला नाही. दोन घरांचे बोलणे तुटले ते वेगळेच. पडीक जागेवर फवारायचेच असेल तर कृषी सहायकाला विचारून, लेबल वाचून, वारा शांत असताना फवारा. खाचराच्या पाण्याजवळ मुळीच नको.

मग करायचे काय? पाऊस झाला की माती ओली असताना, फुलायच्या आत, मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडावर रुमाल हवाच. एका शाळेच्या श्रमदानात मुलांना उघड्या हातांनी फुललेले गवत उपटायला लावलेले मी पाहिले आहे, दुसऱ्या दिवशी कित्येकांचे हात खाजेने लाल झाले होते. दमा किंवा त्वचेचा त्रास असणाऱ्याने या कामाला जाऊच नये. फुलाआधी उपटलेली झाडे खड्ड्यात शेण-मातीच्या थरांत कुजवली तर चांगले खत होते. फुललेली झाडे खतात घालू नका. जनावरांपुढेही टाकू नका, दूध कडवट होते.

पानांवर पांढरट पाठीचे, तपकिरी रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर औषध मारू नका. हा मेक्सिकन भुंगेरा १९८३ मध्ये आपल्या देशात मुद्दाम आणला आहे. तो आणि त्याची अळी पावसाळ्यात गाजर गवताची पाने फस्त करतात. हिवाळ्यात तो जमिनीत दडतो, म्हणून एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका.

मोकळ्या कडेला पावसाच्या तोंडावर टाकळ्याचे बी फेका. टाकळा दाट माजला की गाजर गवताला जागा उरत नाही, आणि कोवळा असताना त्याची भाजी घरात येतेच.

एकट्याचा बांध साफ करून उपयोग नाही, वरच्या शेतातले बी पाण्याबरोबर खाली येते. १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा देशभर गाजर गवत जागृतीसाठी पाळला जातो. त्याच आठवड्यात प्रत्येक वाडीने एकत्र येऊन रस्त्याची कड, शाळेचे आवार आणि बांध साफ करावेत. फुले येण्याची वाट पाहू नका.