ठरलेलं ताट : जपानचं तेइशोकु आणि आपली खानावळ



जपान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोयोटा, कान्बान आणि बुलेट ट्रेन येते. 'जस्ट इन टाइम'वर सात मार्कांची टीप लिहून आपण मोकळे होतो. पण कारखान्यात वाया जाणारं एकेक मिनिट मोजणाऱ्या त्या देशातला साधा कामगार, कारकून किंवा कॉलेजचा पोरगा दुपारी जेवतो कुठं आणि केवढ्यात, हे पुस्तकात नसतं. खरं तर हॉस्टेलवर राहणाऱ्याला कान्बानपेक्षा हाच प्रश्न जास्त जवळचा! घरचं ताट सोडून आलेल्या माणसाला परवडेल असं पोटभर जेवण रोज कसं द्यायचं, हासुद्धा इंजिनिअरिंगचाच प्रश्न आहे. त्याला जपाननं दिलेलं उत्तर आणि आपल्या महाराष्ट्रानं दिलेलं उत्तर आपण शेजारी शेजारी ठेवून पाहू.

तेइशोकु म्हणजे काय?

'तेइ' म्हणजे ठरलेलं आणि 'शोकु' म्हणजे जेवण. एका ट्रेमध्ये सगळं जेवण एकदमच समोर येतं. जवळ डावीकडं भाताचा वाडगा, उजवीकडं मिसो सूप, मागच्या बाजूला एक मुख्य पदार्थ, सोबत एक-दोन लहान वाट्या भाजी किंवा तोफू आणि थोडं लोणचं. मुख्य पदार्थ म्हणजे मीठ लावून भाजलेला मासा, तळलेलं चिकन किंवा आलं घालून परतलेलं डुकराचं मांस. मिसो आणि तोफू दोन्ही सोयाबीनचे. म्हणजे आपल्या परभणीच्या शिवारात दिसणारं पीक तिकडं रोज ताटात असतं, आणि आपल्याकडं ते बहुतेक तेलाच्या गिरणीत जातं!

दुकानाची पद्धतही पाहण्यासारखी आहे. बऱ्याच ठिकाणी दाराशीच काचेच्या कपाटात पदार्थांच्या हुबेहूब प्लॅस्टिकच्या प्रतिकृती किमतीसह मांडलेल्या असतात. भाषा येत नसली तरी काय मिळणार आणि केवढ्याला, हे बाहेर उभ्या उभ्या कळतं. कित्येक दुकानांत आत शिरल्यावर तिकिटाचं मशीन असतं. पैसे टाका, बटण दाबा, चिठ्ठी घ्या, बसा. पाणी किंवा चहा फुकट. टिप द्यायची पद्धत नाही. दुपारी 'हिगावारी' म्हणजे रोज बदलणारं तेइशोकु असतं. मुख्य पदार्थ त्या दिवशी दुकानदार ठरवेल तो, म्हणून ते बहुधा यादीत सगळ्यात स्वस्त.

ही दुकानं कष्टकऱ्यांच्या गरजेतून वाढली. १९५८ साली टोकियोच्या इकेबुकुरो भागात ओओतोया नावाचं साधं भोजनालय निघालं. तिथं कुठलाही पदार्थ घ्या, किंमत एकच : ५० येन. आज ती मोठी साखळी आहे. यायोइकेन नावाची दुसरी साखळी भाताच्या मोफत वाढीसाठी ओळखली जाते. ट्रेमधला भात संपला की उठून पुन्हा घ्यायचा.

पुढेमागे नोकरीसाठी किंवा ट्रेनिंगसाठी तिकडं जाणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. मिसो सूपाचं पाणी बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क घालून केलेलं असतं. तेव्हा नुसत्या भाज्या दिसल्या म्हणजे ताट शाकाहारी झालं असं नाही. डुकराचं मांस आणि स्वयंपाकातला तांदळाचा मद्यार्क न चालणाऱ्या मित्रांनीही आधी विचारून घेतलेलं बरं.

आपल्याकडचं ठरलेलं ताट

आता आपल्याकडं या. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, साताऱ्याकडून आलेले हजारो गिरणी कामगार बायका-पोरं गावाकडं ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीनं राहत. त्यांना जेवू घालत त्या खानावळवाल्या बाया. बाईच्याच घरी स्वयंपाक, ठरलेली माणसं, ठरलेलं जेवण, पैसे पगार झाल्यावर. पण किराणा आधी आणायचा आणि पैसे महिन्यानं मिळायचे, या फटीत त्या सावकाराच्या व्याजाला सापडत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायांना एकत्र आणून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. स्वयंपाक त्यांना येतच होता. कमी होतं ते महिनाभराचं भांडवल.

मुंबईतलंच दुसरं उदाहरण माटुंगा स्टेशनाजवळच्या ए. रामा नायक यांच्या उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंगचं. १९४२ पासूनची ही जागा. आधी कूपन घ्यायचं, मग पान मांडलं जाणार. जपानी मशीनचं काम इथं गल्ल्यावरचा माणूस करतो, एवढाच फरक!

आणि स्टेशन रोडवरची 'राइस प्लेट' तर आपण सगळ्यांनीच खाल्लेली आहे. दोन-तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक कोरड्यास, वरण, भात, कांदा, लोणचं. म्हणजे तेइशोकुचा आपला सख्खा भाऊ.

स्वस्त पडतं कसं?

स्वस्त म्हणजे हलक्या मालाचं, असा आपला समज असतो. तो निम्माच खरा आहे. ठरलेलं ताट स्वस्त पडतं याचं खरं कारण म्हणजे त्यात निवड बंद केलेली असते. समजा, एका हॉटेलात ४० खुर्च्या आहेत. ऑर्डर घ्या, मग बनवा, मग वाढा, असं केलं तर एक गिऱ्हाईक ४० मिनिटं खुर्ची अडवतं. दुपारच्या दोन तासांत १२० माणसं जेवून जातात. ताट ठरलेलं असेल तर तेच काम २० मिनिटांत उरकतं आणि २४० माणसं जेवतात. त्या दोन तासांचं भाडं, पगार, वीज मिळून ३,६०० रुपये धरा. पहिल्या पद्धतीत माणशी ३० रुपये पडतात, दुसऱ्या पद्धतीत १५. भाजीत एक थेंब तेल कमी न करता ताटामागं १५ रुपये वाचले. क्यूइंग थिअरीत जो लिटलचा नियम आहे, तो हाच. आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. खुर्च्या तेवढ्याच राहिल्या आणि थांबणं निम्म्यावर आलं, की दुप्पट माणसं जेवतात.

दुसरी बचत मालात. पन्नास पदार्थांच्या मेनूसाठी पन्नास तऱ्हांचा माल भरून ठेवावा लागतो, त्यातला काही सडतो. ठरलेल्या ताटाला आठ-दहा जिन्नस पुरतात आणि बाजारात जी भाजी उतरली असेल ती घेता येते.

तिसरी गंमत भात आणि भाकरीची. जपानी दुकानात भात पुन्हा फुकट देता येतो, कारण भात हे बॅच प्रॉडक्शन आहे. पातेलं थोडं मोठं घेतलं की दहा माणसांचा भात वाढतो, मेहनत मात्र जवळपास तेवढीच राहते. भाकरीचं तसं नाही. एक भाकरी म्हणजे एक गोळा, एक थाप, तव्यावरची एक जागा. दहा भाकरी वाढल्या की दहा वेळा तेच कष्ट. इंजिनिअरिंगच्या भाषेत भाकरी हे जॉब वर्क, आणि मेसमधला बॉटलनेक म्हणजे तवा. म्हणून खानावळीत भात 'लागेल तेवढा' आणि भाकरी मोजून. मालक कंजूष असतो म्हणून नव्हे (काही असतातही!), तर भाकरीत बाईच्या हाताचा वेळ असतो म्हणून.

तासाचा हिशोब

आता खरा प्रश्न. स्वस्त म्हणजे कोणाला स्वस्त? जपानी साखळी दुकानात तेइशोकु साधारण ८०० ते १,००० येनला पडतं, म्हणजे आपले पाच-सहाशे रुपये. ऐकून आपण म्हणतो, बाप रे! पण टोकियोत कायद्यानं ठरलेली किमान मजुरी ऑक्टोबर २०२३ पासूनच तासाला ११०० येनच्या वर आहे. म्हणजे एक तास काम केलं की एक जेवण सुटतं, वर थोडे पैसे उरतात.

आपल्याकडं हाच हिशोब करा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागा, तासाला ३९ रुपये. राइस प्लेट १०० रुपयांची धरली, तर एका जेवणासाठी अडीच तासांहून जास्त खपावं लागतं. जिंतूर किंवा गंगाखेडच्या गावातून पोराला शिकायला पाठवणाऱ्या बापाच्या नजरेनं पाहिलं, तर आपली राइस प्लेट टोकियोच्या ताटापेक्षा महाग आहे. महिनाअखेरीला काही पोरं 'आज भूक नाही' म्हणतात किंवा वडापाववर रात्र काढतात, त्याच्यामागं हेच गणित असतं. भूक नसते असं नाही.

गणित मोडतं कुठं?

ही दरी बुजवायचे प्रयत्न सरकारनंही केले. १९९५ साली राज्यात सत्ताबदल झाल्यावर एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं निघाली. कल्पना लोकांना भावली, पण योजना पुढं टिकली नाही आणि नंतरच्या सरकारच्या काळात ती बंद झाली.

२६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी सुरू झाली. ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात, आणि किंमत १० रुपये. म्हणजे रोजगार हमीवरच्या माणसाचं पंधरा मिनिटांचं काम. थाळीचा दर शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरलेला होता. वरचे ४० किंवा २५ रुपये शासनानं केंद्रचालकाला द्यायचे. कोरोनाच्या काळात आधी ५ रुपये आणि २०२१ मध्ये काही महिने ही थाळी मोफतही दिली गेली. त्या दिवसांत तिनं किती जणांची चूल सांभाळली, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. पण २०२५ मध्ये अनुदानाचे पैसे महिनोन्‌महिने थकल्याच्या केंद्रचालकांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या. किराणा दुकानदार किती दिवस उधार देणार? गिरणगावच्या खानावळवालीची जी अडचण होती, तीच पुन्हा समोर आली.

जपानमध्येही सगळं आलबेल आहे असं नाही. २०२५ च्या वसंतात तिकडं पाच किलो तांदळाची सरासरी किंमत ४,००० येनच्या वर गेली, म्हणजे आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट. सरकारला राखीव साठा बाजारात सोडावा लागला. ज्यांच्याकडं भात फुकट वाढायची रीत, त्यांच्या पोटात तेव्हा गोळा आला असणार. फुकट वाढलेल्या भाताचे पैसेसुद्धा कोणीतरी भरलेलेच असतात.

तेव्हा ठरलेलं ताट तीन पायांवर उभं असतं : बंद मेनू, माणसांची नक्की संख्या आणि वेळेवर मिळणारे पैसे. यातला एक पाय मोडला की सगळ्यात आधी वरण पातळ होतं.

आपल्या मेसपुरतं

मेसला नावं ठेवणं हा हॉस्टेलचा राष्ट्रीय खेळ आहे. तो खुशाल चालू ठेवा, पण जोडीला थोडं गणितही करू या.

पहिली गोष्ट, संख्या. शनिवारी निम्मं हॉस्टेल गावाकडं पळतं आणि मेसवाल्याला पातेलं चढवल्यावर ते कळतं. समजा १०० जणांच्या मेसमध्ये शनिवारी रात्री आणि रविवारी दुपारी ३० जण न सांगता गैरहजर आहेत. ताटामागं ३५ रुपयांचा माल धरला, तर एका वेळेला १,०५० रुपये वाया. महिन्यात अशा आठ वेळा, म्हणजे ८,४०० रुपये. शंभर जणांत वाटले तर प्रत्येकाच्या बिलात ८४ रुपये. हे पैसे मेसवाला खात नाही, आपणच उकिरड्यावर टाकतो. उपाय अगदी सोपा. दाराशी एक वही लटकवा आणि शुक्रवारी रात्रीपर्यंत 'नाही' लिहून जा. जपानी मशीनची चिठ्ठी दुसरं काय करते?

दुसरी गोष्ट, फळा. आठवड्याचा मेनू दाराशी लिहिलेला असावा आणि त्यात आठवड्यातून दोन वेळा ज्वारीची भाकरी असावी. आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅटच्या मदतीनं काढलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण २०१८ साली प्रसारित झाला. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. रक्त कमी असलेल्या पोरा-पोरींसाठी हे चांगलंच. मात्र भाकरीच्या दिवशी तवे वाढवावे लागतील आणि भाकरी करणाऱ्या मावशींना त्या दिवसाचे जादा पैसे द्यावे लागतील, हे कमिटीनं आधीच धरावं. बॉटलनेक हा माणूस असतो, तेव्हा त्याला नुसतं 'जल्दी करो' म्हणून भागत नाही.

तिसरी गोष्ट, पैसे. ज्याला शक्य आहे त्यानं मेसचं बिल पाच तारखेच्या आत भरावं. स्कॉलरशिप उशिरा येणाऱ्या मित्राला ते जमणार नाही. पण बाकीच्यांनी वेळेवर भरलं, तर मेसवाल्याला त्याच्यासाठी थांबता येतं. त्या मित्राचं ताट चालू राहतं ते आपल्या वेळेवर दिलेल्या पैशांवर, हे कोणी बोलून दाखवत नाही, पण खरं आहे.

प्राध्यापक आणि कर्मचारी मंडळींनाही एक विनंती. महिन्यातून एकदा, आगाऊ न कळवता, विद्यार्थ्यांच्या पंगतीत बसून तेच ताट जेवावं. पैसे देऊन. बंद मेनूत जेवणाऱ्याला निवड नसते, म्हणून त्याच्या वतीनं चव पाहणारं कोणीतरी लागतं.

हॉटेलात दहा पानी मेनूकार्ड चाळताना आपण राजे असतो, पण ते महिन्यातून एखाद्या दिवशी. बाकीचे एकोणतीस दिवस आपल्याला सांभाळतं ते ठरलेलं ताट. तेव्हा उद्या मेसमध्ये बसाल तेव्हा घासाबरोबर हा हिशोबही जरा चावून पाहा. आणि शनिवारी गावाकडं निघताना वहीत नाव लिहायला विसरू नका!