पडद्याआडचा सेवक

शाळेची घंटा रोज ठरल्या वेळी होते. मुख्याध्यापक कचेरीत असोत वा नसोत, शिपाईमामा ती देतातच. संगणकातही असे पडद्याआड राबणारे प्रोग्रॅम असतात. त्यांना ‘डीमन’ म्हणतात.

हा डीमन म्हणजे राक्षस नव्हे. वायूचे वेगवान व मंद रेणू निवडून वेगळे करणारा एक अतिसूक्ष्म जीव मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६७ साली कल्पिला. पुढे त्याला ‘मॅक्सवेलचा डीमन’ म्हणू लागले. १९६३ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरूनच अखंड राबणाऱ्या प्रोग्रॅमांना हे नाव दिले.

आमच्या संगणक कक्षातील लिनक्स सर्व्हरवर ग्रंथालयाची यादी आहे. दहावीच्या मुलींनी दोन महिने खपून ती तयार केली. निपाणी-बेळगाव भागातील आषाढाचा पाऊस आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. अशाच एका शनिवारी रात्री वीज गेली व पहाटे आली. सोमवारी पाहतो तो यादी उघडेना! सारे श्रम वाया गेले, असे वाटून मुली रडकुंडीस आल्या. वस्तुतः यादी सुरक्षित होती. ती दाखविणारा प्रोग्रॅम तेवढा सुरू झाला नव्हता. आम्ही तो हाताने सुरू केला होता; संगणकास कायमची सूचना दिलीच नव्हती.

ही सूचना कशी द्यावयाची? लिनक्स सुरू होताच प्रथम एक मूळ प्रोग्रॅम जागा होतो. त्याचा क्रमांक १. तो इतर सेवकांना कामास लावतो. आज बहुतेक ठिकाणी हे काम २०१० साली पुढे आलेला ‘सिस्टमडी’ करतो. त्याच्यासाठी एक लहानशी फाईल लिहावी लागते. तिचे भाग तीन. (मूळ शब्द रोमन लिपीत लिहावयाचे, येथे केवळ उच्चार दिले आहेत.)

१. ‘युनिट’ : सेवकाची ओळख, आणि त्याने कोणाच्या मागून यावे ते. उदाहरणार्थ, ‘आफ्टर’ या शब्दापुढे नेटवर्कचे नाव.

२. ‘सर्व्हिस’ : ‘एक्झेकस्टार्ट’पुढे प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता; ‘युजर’पुढे साध्या वापरकर्त्याचे नाव, कारण घंटा देणाऱ्यास तिजोरीची किल्ली कशाला? आणि ‘रीस्टार्ट’पुढे ‘ऑन-फेल्युअर’, म्हणजे प्रोग्रॅम कोलमडल्यास तो पुन्हा उभा करावा.

३. ‘इन्स्टॉल’ : संगणक नेहमीच्या कामास सिद्ध होताना याही सेवकास बोलवावे, ही नोंद.

फाईल लिहिल्यावर ‘सिस्टमसीटीएल’ या आज्ञेने प्रथम ‘डीमन-रीलोड’ करावे. मग येतात दोन निरनिराळे शब्द : ‘स्टार्ट’ म्हणजे आत्ता सुरू हो, ‘एनेबल’ म्हणजे संगणक जेव्हा जेव्हा सुरू होईल तेव्हा तूही सुरू हो. पहिल्यावर समाधान मानणारा आमच्यासारखाच फसतो. अडचण आल्यास ‘स्टेटस’ विचारावे आणि ‘जर्नलसीटीएल’ने रोजनिशी वाचावी.

शेवटी संगणक मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करावा, व कशासही हात न लावता यादी उघडते का ते दुसऱ्या संगणकावरून पाहावे. आम्ही तसे केले. यादी उघडली, तेव्हा मुलींनी टाळ्या वाजविल्या. आपण समोर असताना काम चालते, यात नवल नाही. आपल्या पाठीमागे ते चालावे, हीच खरी व्यवस्था होय.